घरभेटीचा शेरा

आमच्या शाळेत प्रवेशासाठी मुलांची परीक्षा घेत नसत, त्यांच्या घरांची घेत. आणि ती परीक्षा घेणारी मी होते.

आता पन्नाशी आली. गेली कितीतरी वर्षं लोक माझ्याबद्दल चांगलं बोलतात आणि मी खाली मान घालून ऐकते. त्यांना तो विनय वाटतो. मला वर बघायची लाज वाटते, एवढंच त्याचं कारण आहे. आज ठरवून बसले आहे, की जे झालं ते झालं तसं लिहायचं आणि लिहून होईतो उठायचं नाही. नावं कुणाचीच घालणार नाही. शाळाही आता राहिलेली नाही. तिच्या जागी सायकलींच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

एकोणीसशे पन्नासनंतरचे ते दिवस. पिंपरी-चिंचवडला शहर म्हणायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. मुंबई रस्त्याला लागून एकेक कारखाना उभा राहत होता. नदीच्या अंगाला जुनी गावं, पेरूच्या बागा, जोंधळ्याची रानं, आणि मध्येच तारेच्या कुंपणात साहेब लोकांची कॉलनी. त्या कॉलनीतल्या अधिकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी एक खासगी शाळा काढली होती. लढाईच्या काळातलं एक लष्करी गोदाम भाड्याने घेतलं, त्याला पांढरा रंग दिला आणि दारापुढे कर्दळ लावली. सरकारी शाळांत त्या वेळी इंग्रजी आठवीत सुरू व्हायचं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून. शाळेचा सगळा डौल त्या एका गोष्टीवर उभा होता.

पण डौल म्हणजे फार नाजूक गोष्ट. एकदा आमची मुलं पुण्याच्या कॅम्पातल्या एका जुन्या, नामांकित शाळेत धावण्याच्या शर्यतींना गेली. तिथल्या कुणीतरी विचारलं, “तुमची शाळा कुठे भरते?” आमच्या एका भोळ्या पोराने सांगून टाकलं, “गोदामात.” झालं. परत येईपर्यंत आमचं नाव ‘गोडाऊन स्कूल’ पडलेलं होतं. आमच्या समितीच्या अध्यक्षा, कारखान्यातल्या एका मोठ्या साहेबांच्या पत्नी, त्यांना आम्ही सगळ्या बाईसाहेब म्हणायचो. त्यांनी ती गोष्ट इतकी मनाला लावून घेतली, की दोन दिवस शाळेकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या निश्चय करूनच.

“छप्पर आपल्याला बदलता येणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण छपराखाली कोण बसणार ते तर आपल्या हातात आहे.”

तेव्हापासून घरभेट सुरू झाली. प्रवेशाचा अर्ज आला की मी वही घेऊन त्या घरी जायचं. वहीत रकाने आखलेले होते: घरात बोलण्याची भाषा, बसण्याची सोय, वर्तमानपत्र, स्वच्छता, आरोग्य, आणि शेवटी शेरा. समिती बाकीचे रकाने वाचायची नाही. शेरा वाचायची.

गंमत अशी, की कॉलनीच्या कडेला कारकून लोकांच्या चाळी होत्या, त्यांनाही आपली मुलं इथे घालायची होती. घरभेटीचा दिवस आधीच कळवलेला असायचा. एका चाळीत ओळीने तीन घरं पाहिली. पहिल्या घरात मला वेताच्या खुर्चीत बसवलं. दुसऱ्या घरातही वेताचीच खुर्ची, तिच्या हाताला तसाच निळा दोरा गुंडाळलेला. तिसऱ्या घरी मी जरा लवकरच पोचले, तर खुर्ची मागच्या दारातून आत येत होती. घरच्या बाई ओशाळून हसल्या. “एकच आहे हो चाळीत. बसा तरी.” मी बसले. तिन्ही घरांपुढे ‘बसण्याची सोय: उत्तम’ असं लिहिलं आणि तिन्ही मुलांना प्रवेश मिळाला. म्हणजे मला डोळेझाक करता येत नव्हती असं नाही. कुणासाठी करायची ते मी ठरवत होते.

बाईसाहेबांचा माझ्यावर विश्वास होता. “तुम्ही हेडमास्तरांच्या घरातल्या,” त्या म्हणायच्या. “घर कसं ओळखायचं ते तुम्हाला शिकवावं लागत नाही.”

मी हेडमास्तरांच्या घरातली नव्हते. वडील मावळातल्या एका खेड्यात लोकल बोर्डाच्या शाळेत शिपाई होते. घंटा वाजवायचे, वर्ग झाडायचे. आई चार घरी भाकऱ्या थापायला जायची. गावातल्या एका मास्तरांनी खटपट करून मला पुण्यात मुलींच्या वसतिगृहात ठेवलं, म्हणून मी शिकले, ट्रेनिंग कॉलेज केलं. नोकरीच्या मुलाखतीत बाईसाहेबांनी “वडील काय करतात?” विचारलं आणि माझ्या तोंडून “हेडमास्तर होते” असं गेलं. वडील वारले होते, विचारायला जाणार कोण? एकदा बोलले ते बोलले. मग त्याला साजेसं चालणं आलं, हसणं आलं, चहा बशीत न ओतणं आलं. बावीस वर्षांची होते. कुणी ‘अगं’ म्हणून हाक मारली तरी दचकायची.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी एक बाई मुलीला घेऊन आली. नऊवारी लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, पायात काही नाही. तिचा नवरा कॉलनीत घरोघर दूध घालायचा. ती मात्र कॉलनीत प्रथमच येत होती, आणि आली तीही पुढच्या फाटकातून, थेट बाईसाहेबांच्या टेबलापुढे.

“पोरीला साळंत घालायचीया,” ती म्हणाली. “सा वरसाची हाय.”

“गावात शाळा आहे ना तुमच्या?” बाईसाहेबांनी गोड आवाजात विचारलं.

“हाय की. पर तितं विंग्रजी न्हाई.”

“इंग्रजी कशाला हवंय तिला?”

“तुमच्या पोरींला कशाला पायजे?”

मला हसू आलं, ते मी दाबलं. बाईसाहेबांनाही राग आला नाही. त्या काळात अशा प्रश्नाचा राग यायला समोरचं माणूस आपल्या बरोबरीचं वाटावं लागायचं.

मग तिने कारण सांगितलं. कारखान्याला जमीन लागली तेव्हा त्यांच्या घरी कागद आला होता. सासऱ्याने अंगठा दिला. त्यांना वाटलं होतं, रस्त्याकडेची खडकाळ पट्टी जाणार. गेलं ते विहिरीचं रान. “कुनी फसवलं न्हाई आमाला,” ती म्हणाली. “कागदावर बराबर लिवल्यालं हुतं. आमच्या घरात ते वाचाया कुनी न्हवतं. फुडच्या बारीला असाया पायजे.”

बाईसाहेब म्हणाल्या, “आमच्या बाई घरी येऊन जातील. मग कळवू.” नको असलेल्या माणसाला घालवायची ती आमची रीत होती. बाई उठली. जाताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, दारातून वळून परत एकदा पाहिलं.

वहीत नोंद मात्र लागायची, म्हणून मी गेले. दुपार होती. गावाच्या कडेला, नदीच्या वाटेवर त्यांचं घर. ओसरीवर म्हातारा सासरा तंबाखू मळत खोकत बसला होता. मला बघून त्याने जागा झाडली आणि स्वतःच्याच खोकल्याला हसला. “सून म्हनती तमाकू सोडा, खोकला जाईल. म्या म्हनतो, मंग म्या बी जाईन की तेच्यासंगं!” पोरगी दुधाच्या भांड्याभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद उलगडून त्यातली अक्षरं लावत होती. तिला कुणी अजून शाळेत घातलं नव्हतं. बाजारातल्या पाट्यांवरून शिकली होती. मी तिला चार प्रश्न विचारले. पाचवा तिनेच मला विचारला: “बाई, तुमच्या वहीत काय लिवलंय?”

जमीन सारवलेली, भांडी लख्ख. त्या घरात शिरल्या शिरल्या माझा श्वास सैल झाला होता, हे मी नाकारत नाही. मुलीची आई बाहेर आली, तिने माझ्यापुढे पितळीत चहा ठेवला आणि समोर उकिडवी बसली. मी न विचार करता पितळी दोन्ही हातांनी उचलली आणि फुंकर मारून ओठाला लावली. तिचा चेहरा एकदम उजळला.

“आगं! तू घंटावाल्या दादाची ल्येक न्हवं? हनवटीवर ही खूण, उंबऱ्यावर पडली हुतीस! मी तुला कडंवर घिऊन फिरलीया. आमचं घर तुमच्या परसाला लागूनच. तुजी आई कशी हाय?”

तिच्या बोलण्यात कुठे डंख नव्हता. माहेरचं माणूस भेटलं म्हणून आनंद होता, बस. पोरगी टक लावून माझ्या हनवटीकडे बघत होती. मी पितळी खाली ठेवली.

“तुमचा काहीतरी घोटाळा होतोय,” मी म्हणाले. “मी मूळची पुण्याची.”

ती मग पदर सावरून उठली. “आसंल, बाई. मानसासारखी मानसं असत्यात.” आणि मी निघाले तेव्हा म्हणाली, “या तुमी.” मघाशी ‘अगं’ होतं, आता ‘तुमी’ झालं. तिने ओळख परत घेतली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पण वाटेत पुढचं दिसायला लागलं. मुलगी शाळेत आली की ही रोज फाटकाशी येणार. एक दिवस बाईसाहेबांसमोर सहज बोलून जाणार, घंटावाल्याची लेक. मी स्टेशनच्या बाकावर बसले, वही मांडीवर घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: “घरातील वृद्धास जुनाट खोकला. क्षयाचा संशय. इतर मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने प्रवेश देऊ नये.”

अक्षर चांगलं आलं होतं. माझं अक्षर चांगलं आहे.

प्रवेश नाकारला जाईल, पोरगी गावच्या शाळेत जाईल, विषय संपेल, असा माझा हिशेब. बाईसाहेबांनी शेरा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, “अहो, पण त्यांचंच दूध येतं ना कॉलनीत?” माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ही बातमी घरोघर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा नेहमीसारखा आला, तर एकही दार उघडलं नाही. कुणी खिडकीतूनच “आज नको” म्हटलं. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने एका मोलकरणीला विचारलं तेव्हा तिने चार पावलं लांब उभं राहून कारण सांगितलं. माझी खोली फाटकाजवळच होती. तो कॅन दोन्ही बाजूंना लटकवलेली सायकल हाताने ढकलत परत जाताना मी पाहिला. सायकलवर बसायचं त्याला सुचलं नव्हतं.

तेव्हा जाऊन मी खरं सांगायला हवं होतं. मी शाळेत गेले आणि दुसरीच्या मुलांना रंगांची इंग्रजी नावं शिकवली.

ती बाई मात्र घरात बसून राहिली नाही. सासऱ्याला आगगाडीच्या शटलमध्ये घातलं आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. एकदा नाही, तीनदा. पहिल्या दिवशी नंबर लागला नाही, दुसऱ्या दिवशी यंत्र बंद होतं. तिसऱ्या खेपेला छातीचा फोटो निघाला. तो भला मोठा काळा फोटो आणि डॉक्टरची चिठ्ठी लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून ती आमच्या शाळेत आली, पुन्हा पुढच्याच फाटकातून. शाळा भरलेली होती. ती खिडकीपाशी गेली आणि फोटो उजेडात धरला.

“बगा,” ती बाईसाहेबांना म्हणाली. “ह्या बरगड्या. हितं काय बी न्हाई. डाक्टर म्हनला, तमाकूचा खोकला हाय, दुसरं काय न्हाई. चिठ्ठी विंग्रजीत हाय, तुमाला वाचता येती.”

बाईसाहेबांनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली, आणि माझ्याकडे वळल्या. “बाई, तुम्ही तर लिहिलं होतंत...”

“मला तसं वाटलं,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत होती. एक वाक्य, आणि मी संपले असते. “ह्या बाई...” तिने सुरुवात केली आणि थांबली. मला अजून ते थांबणं आठवतं. भिंतीवरच्या नकाशाची दोरी हलत होती. “ह्या बाई चुकल्या आसतील,” ती म्हणाली. “मानूस हाय.”

दूध पुन्हा सुरू झालं, सगळ्या घरांत नाही, अर्ध्याअधिक घरांत. प्रवेशाबद्दल बाईसाहेबांनी सांगितलं की यंदाच्या जागा भरल्या. वर्गात चार बाकं रिकामी होती. ती त्या बाकांकडे बघून निघून गेली.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती मला रेल्वे फाटकाजवळच्या बाभळीखाली भेटली. भेटली म्हणजे वाट बघत उभीच होती. मी वळायला लागले तर म्हणाली, “पळू नगंस. मी कुनाला सांगनार न्हाई. सांगायचं आसतं तर तवाच सांगितलं आसतं.”

“मग काय हवंय तुम्हाला?”

“आता ‘तुमी’ कशाला म्हनतीस? आक्का म्हनायचीस मला.” तिच्या आवाजात राग होता, पण तो तिने बांधून ठेवलेला होता. “आइक. माजी पोर तुमच्या साळंत बसत न्हाई तर नगं बसू. पर तू तितं जे शिकवतीस ते समदं माज्या पोरीला शिकवायचं. रोज. तीच पुस्तकं, तीच गानी, तीच परीक्षा. एक धडा कमी न्हाई.”

“रोज कसं जमणार मला?”

“तुज्या आईनं लोकांच्या भाकऱ्या थापून तुला शिकवायचं जमवलं. तुला न्हाई व्हय जमनार?”

दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागले. इथे माझ्या गुणगानाची सुरुवात होते, म्हणून इथेच सगळ्यात नेमकं लिहायला हवं. मी जात होते ती उपकार म्हणून नाही. मला धरलेलं होतं म्हणून जात होते. आणि तेही उघड नाही: हातात एक कडीचा डबा घेऊन जायची. कॉलनीत कुणी विचारलं तर सांगायची, “घरपोच येतं ते दूध पातळ असतं हो, मला समोर काढलेलं लागतं.” म्हणजे ज्यांचं मी आधीच एकदा नाव घालवलं होतं, त्यांना रोज थोडंथोडं आणखी बदनाम करत मी त्यांच्या घरी प्रायश्चित्त घ्यायला जात होते.

पहिलं वर्ष मी नुसतं उरकलं. पोरगी सकाळी गावच्या शाळेत जायची, संध्याकाळी माझ्यापुढे बसायची. ती ऐकून सोडून देणारी नव्हती. “असं का?” विचारायची आणि उत्तर पटेपर्यंत पाटी खाली ठेवायची नाही. म्हातारा तिच्या मागून इंग्रजी आकडे म्हणायचा आणि बाराला अडकला की आम्हा तिघींना शिव्या द्यायचा. आक्का चुलीपाशी बसून कान इकडे ठेवायची. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण मी घाईने धडा गुंडाळला की तिला बरोबर कळायचं. “आज लवकर झालं जनू,” एवढंच म्हणायची. मी पुन्हा बसायची.

दुसऱ्या वर्षी शाळेची वार्षिक परीक्षा झाली. त्याच प्रश्नपत्रिका मी तिला घातल्या आणि त्याच हाताने उत्तरपत्रिका तपासल्या. कॉलनीतल्या पहिल्या आलेल्या मुलापेक्षा ती वर होती. मी पुन्हा तपासल्या, कडक तपासल्या, तरी वर. तेव्हा माझ्या आत काहीतरी पक्कं झालं. मला धरून ठेवायची गरज संपली. मी हट्टाला पेटले. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की चप्पल हातात घेऊन जायची. ताप असला तरी जायची. नाताळच्या सुट्टीत कॉलनीतली मुलं गावोगावी गेली, आम्ही दोघी भूमितीला बसलो. ह्या मुलीला अशा ठिकाणी पोचवायचं, की आमची शाळा तिला खालून बघेल, असं मी मनाशी घेतलं होतं. चांगुलपणा होता की नाही सांगता येत नाही. माझ्या स्वतःच्या शेऱ्याला मी खोटं पाडायला निघाले होते, पण तोंडाने मात्र खरं बोलत नव्हते.

पाचवीला पुण्यातल्या मुलींच्या एका नावाजलेल्या खासगी हायस्कुलात तिला बसवलं. कॉलनीतल्या तीन मुलीही त्याच परीक्षेला होत्या. लेखी परीक्षा उत्तम झाली, इंग्रजीची तर इतकी, की तिथल्या मुख्याध्यापिकांना शंका आली. लोकल बोर्डाच्या शाळेतून आलेल्या मुलीला इंग्रजी येतंच कसं? त्यांनी तिला आत बोलावून विचारलं, “तुला कुणी शिकवलं?”

“आमच्याकडे कॉलनीतल्या शाळेच्या एक बाई दूध न्यायला येतात, त्यांनी,” ती म्हणाली. मी दुधासाठीच येते असं ती चार वर्षं समजत होती.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, “त्या बाईंची शाळेच्या कागदावर चिठ्ठी आणा, नाहीतर प्रवेश नाही.”

आक्का त्याच दुपारी आली. “चिठ्ठी दे,” म्हणाली. आता शाळेचा कागद म्हणजे बाईसाहेबांची सही. मी आक्काला बाहेर उभी ठेवली आणि आत गेले. सांगितलं, की त्या मुलीला मी चार वर्षं रोज शिकवते आहे.

“तुम्ही? त्या घरी? कशासाठी?” बाईसाहेबांनी विचारलं.

मला हवं होतं ते दार समोर उघडं होतं. नुसतं म्हणायचं होतं: कारण मी खोटा शेरा लिहिला. मी म्हणाले, “मुलगी हुशार आहे. वाया जाऊ नये असं वाटलं.”

बाईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चिठ्ठीवर सही तर केलीच, वर माझा हात हातात घेतला. चिठ्ठी पोचली, मुलगी हायस्कुलात गेली. कॉलनीतल्या तिघींपैकी दोघींना घेतलं नाही. आणि पुढच्या वार्षिक अहवालात एक परिच्छेद आला: आमच्या शाळेच्या शिक्षिका खेड्यात जाऊन विनामूल्य शिकवतात. कॅम्पातल्या त्या नामांकित शाळेच्या पाहुण्यांसमोर बाईसाहेबांनी तो परिच्छेद मोठ्याने वाचला आणि ज्यांनी आम्हाला गोडाऊन म्हटलं होतं त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शाळेला हवी असलेली प्रतिष्ठा अखेर मिळाली, ती अशी. पुढे मी मुख्याध्यापिका झाले तेही त्याच परिच्छेदाच्या जोरावर. घरभेट मी बंद केली, पण का बंद केली ते कुणाला सांगितलं नाही.

त्या मुलीने हायस्कुलात जाताना मला विचारलं होतं, “बाई, मला तुमच्या शाळेत का नव्हतं घेतलं?” मी म्हणाले होते, “जागा नव्हती.”

त्या दिवशी इथवर लिहून उठले, तेव्हा कळलं, की हे छापायला देण्याआधी एक काम आहे. गेल्या रविवारी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले. आक्का आता थकली आहे, पण कान शाबूत. मुलगी तिशी ओलांडलेली, एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला असते. सुट्टी म्हणून आईकडे आली होती. मी म्हणाले, “एक वाचून दाखवायचंय. मध्ये थांबवू नका.” आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. शेऱ्याशी आले तेव्हा थांबले. पाणी प्याले, पुन्हा वाचलं.

वाचून संपलं. मग मुलीने विचारलं. मला नाही, आईला. “दूध किती दिवस बंद होतं?”

“सतरा.”

“तू मला म्हणाली होतीस, म्हैस आटलीय.”

“मग काय सांगनार हुते? सा वरसाची तू.”

मुलगी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तिने तो लपवला नाही. “आजोबा शेवटपर्यंत परक्या माणसासमोर खोकला दाबायचे,” ती म्हणाली. “मला वाटायचं, सवयच आहे त्यांची.” मग म्हणाली, “बाई, तुम्ही मला शिकवलंत ते मी विसरणार नाही. पण हेही विसरणार नाही आता.”

“विसरू नकोस,” मी म्हणाले. “मी माफी मागायला आलेले नाही. तुला माहीत नव्हतं ते माहीत असावं म्हणून आले.”

तिने कागद मागून घेतले आणि स्वतः वाचले, हातात पेन्सिल धरून, जशी मी तिला धरायला शिकवली होती तशी. दुसऱ्याच पानावर थांबली. तिथे मी मूळ मजकुरात लिहिलं होतं, “माझ्या हातून मोठी चूक झाली.”

“ही चूक नव्हती,” ती म्हणाली. “आई तेव्हा म्हणाली होती चूक, ते तुम्हाला वाचवायला. हे काढा. आणि ‘संशय’ हा शब्द आहे ना शेऱ्यात, तो वाचणाऱ्याला खरा वाटेल. तुम्हाला संशय होता का?”

“नव्हता.”

“मग तसं लिहा.”

मी ती ओळ तिच्यासमोर खोडली. आक्का आतून म्हणाली, “लिव गं, बाई. घाबरू नगंस.” तिथेच, ओसरीवर बसून, मी पुढचं लिहिलं आणि मुलीने ते वाचून मान हलवली:

त्या घरात क्षय नव्हता. मला तसा संशयही नव्हता. म्हाताऱ्याचा खोकला तंबाखूचा आहे हे त्याने मला स्वतः सांगितलं होतं. मी खोटं लिहिलं, विचार करून लिहिलं, आणि ते लिहिताना माझा हात कापला नव्हता.